आधी औषध, मग तुलना

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं आहे. शुद्ध हवेच्या सर्वेक्षणातही दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांत त्याने २०२३ साली आणि पुन्हा २०२५ साली पहिला क्रमांक मिळवला. तेव्हापासून आपल्या मराठी घरांत, मंडळांत, लग्नाच्या पंगतीत एक वाद ऐकू येतो. शहर एवढं स्वच्छ, तर पन्नाशी ओलांडलेल्या इतक्या काकू-मावशांना रात्री तीन उशांना टेकून बसून का झोपावं लागतं? कुणी म्हणतं, हवा चांगलीच आहे, दमा रक्तात असतो. आईला होता म्हणून लेकीला आला. कुणी म्हणतं, बक्षीस कचरा उचलल्याचं आहे, आपल्या देशातली हवा इथूनतिथून विषारीच. पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात, कोकणात किंवा मुंबईत दमा समजू शकतो, तुमच्या कोरड्या माळव्यात कसा? आणि ज्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात आहे ते सांगतात की तिकडे हवा नितळ असूनही दम्याचे रुग्ण आपल्याहून कितीतरी जास्त आहेत, म्हणजे हवेचा काही संबंधच नाही.

या वादात प्रत्येकाच्या हाती खरा धागा आहे आणि तरीही वाद भरकटलेला आहे, कारण पहिला प्रश्न कुणी विचारतच नाही. मोठ्या माणसांच्या गंभीर दम्याची दोन शहरांत, दोन देशांत किंवा दोन समाजांत तुलना करायची असेल, तर सुरुवात हवेपासून किंवा रक्तापासून करता येत नाही. सुरुवात एका साध्या चौकशीपासून करावी लागते: रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध त्या माणसाच्या फुप्फुसापर्यंत पोचतं का? एका शेताला पाणी दिलं, दुसऱ्याला दिलंच नाही आणि मग दोन्हीकडच्या बियाण्याचा कस ठरवायला बसलो, तर तो निवाडा कोण मानेल? इंदूर आणि मेलबर्न, हिंदुस्थानी आणि युरोपीय अशी जी तुलना आज चालते ती याच जातीची आहे. तिच्यातून आजाराबद्दल फार थोडं कळतं. कळतो तो औषध मिळण्या-न मिळण्यातला फरक.

गंभीर दमा म्हणजे फार त्रास देणारा दमा, असा आपला समज असतो. वैद्यकातली व्याख्या वेगळी आणि जास्त काटेकोर आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या श्वसनविकार संस्थांनी २०१४ साली ती एकत्रितपणे मांडली. श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि जोडीला दुसरं नियंत्रक औषध देऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा ती मात्रा कमी करताच हाताबाहेर जातो, तो गंभीर दमा. त्याआधी निदान बरोबर आहे ना, पंप ओढण्याची पद्धत नीट आहे ना, औषध रोज घेतलं जातं ना, हे तपासायचं. नेदरलँड्समध्ये याप्रमाणे चाळणी लावली तेव्हा दम्याच्या प्रौढ रुग्णांपैकी १७ टक्क्यांच्या आसपास लोकांचा दमा आटोक्यात आणणं कठीण होतं, पण खरा गंभीर दमा निघाला सुमारे ३.६ टक्क्यांचा. उरलेल्यांचं दुखणं पंप चुकीचा ओढण्यात किंवा औषध चुकवण्यात होतं. आता ही व्याख्या आपल्या गल्लीतल्या एखाद्या मावशींना लावून पाहा. जवळ तात्पुरता आराम देणारा सालब्युटामॉलचा निळा पंप, छाती फारच भरली की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डेरिफायलिनचं इंजेक्शन, चार दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या, मग पुढच्या अटॅकपर्यंत काहीच नाही. त्यांचा दमा गंभीर आहे का? त्यांची धाप खरी आहे, भीती खरी आहे, जीव जाण्याचा धोकाही खरा आहे. पण हा प्रश्न विचारण्याची वेळच त्यांच्या आयुष्यात अजून आलेली नाही, कारण औषध देऊन पाहिलेलं नाही.

हे काही एका गल्लीचं चित्र नाही. जागतिक आजारभाराच्या २०१९ च्या हिशेबानुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. या दोन आकड्यांमधली दरी कशाने पडली? ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्क्यांना आणि तीव्र लक्षणं असलेल्यांपैकी ७० टक्क्यांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. रोज प्रतिबंधक स्टेरॉइड ओढणारे तर अगदीच थोडे निघाले. दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेची २००२-०३ ची ७० देशांतली पाहणी घ्या. १८ ते ४५ वयोगटात डॉक्टरांनी दमा सांगितलेले लोक चीनमध्ये ०.२ टक्के आणि ऑस्ट्रेलियात २१ टक्के. शंभरपट फरक! फुप्फुसांत एवढा फरक असणं कठीण आहे. त्यातला मोठा वाटा डॉक्टर गाठण्याचा आणि त्याने आजाराला नाव देण्याचा आहे. आपल्याकडे बारा केंद्रांवर झालेल्या अभ्यासात प्रौढांतलं प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडं वर आलं. ते वाचून हायसं वाटून घेणाऱ्यांनी मृत्यूंचा आकडा शेजारी ठेवून वाचावं.

आता हवेची बाजू. ती कमकुवत आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तिचा सर्वांत भक्कम पुरावा तर आपल्या शहराशी थेट नातं सांगणारा आहे. १९८१ ते १९८७ या काळात स्पेनमधल्या बार्सिलोनात दम्याच्या अटॅकच्या २६ लाटा आल्या. एखाद्या दिवशी अचानक शहरातल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत धापा टाकणारी माणसं येत. लहान मुलं नव्हेत, मोठी माणसं. काही दगावली. सुरुवातीला संशय साहजिकच शहरातल्या नेहमीच्या धुरावर गेला. मग अभ्यासकांनी रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले, वाऱ्याची दिशा पाहिली, बंदरातल्या जहाजांची नोंदवही तारखांशी ताडून पाहिली. लाटा त्याच दिवशी येत होत्या ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं. दाणे साठवण्याच्या एका उंच कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती, आणि सोयाबीनच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर वस्तीत जात होती. गाळण्या बसल्या आणि लाटा थांबल्या.

सोयाबीनवर उभ्या असलेल्या शहरात राहणाऱ्यांनी हा इतिहास पाठ करायला हवा. देशाची सोयाबीन संशोधन संस्था इंदुरात आहे, प्रक्रिया उद्योगाच्या संघटनेचं मुख्यालय इंदुरात आहे, आणि दसऱ्याच्या सुमाराला छावणी आणि लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत पिवळ्या दाण्यांचे ढीग लागतात. तिथे दिवसभर पोती उचलणारे हम्माल आणि तोलणारे तुलावटी तोंडाला गमछा बांधून काम करतात. प्रौढांत नव्याने होणाऱ्या दम्यापैकी साधारण सहावा हिस्सा कामाच्या जागेमुळे होतो, असं श्वसनविकारांचे अभ्यासक मानतात. जवळच्या पिथमपुरात वाहनांचे कारखाने आहेत. वाहनांच्या रंगफवारणीतलं आयसोसायनेट हे तर कामाच्या जागी होणाऱ्या दम्याचं जगभर ओळखलं गेलेलं कारण. त्याआधीच्या पिढीत याच शहराच्या कापड गिरण्यांत कापसाची धूळ छातीत घेऊन हजारो माणसं जगली. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांसाठी तीन दशकं लढा चालला. पैशांची बाकी निदान कागदावर तरी होती. छातीत साठलेल्या धुळीची बाकी कुणी मांडली? म्हणून हवेच्या पक्षाशी माझं भांडण हवा महत्त्वाची की नाही यावर नाहीच. भांडण आहे ते हवेला एकच वस्तू मानण्यावर. बार्सिलोनात शहराच्या प्रदूषणाचा सरासरी आकडा पाहत बसले असते तर कोठार कधीच सापडलं नसतं. आपल्याकडे सरासरी निर्देशांक चांगला आला की मंडीतला हम्माल, एप्रिलात गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धाटं, जळते तेव्हा शेजारच्या गावात राहणारी बाई आणि बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल लावणारं कुटुंब ही सगळी त्या आकड्यात बुडून जातात. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं मोजमाप २००३ साली प्रसिद्ध झालं. मध्य प्रदेशात २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं जेमतेम ४० टक्के होती. हवेच्या कुठल्या स्पर्धेत ही चूल मोजली जाते?

हवा घाण तर दमा जास्त, हे सरळ समीकरण मोडणारा दाखलाही आहे. बर्लिनची भिंत पडल्यावर जर्मन संशोधकांनी पूर्वेकडच्या लाइपझिगमधल्या आणि पश्चिमेकडच्या म्युनिकमधल्या शाळकरी मुलांची तपासणी केली. लाइपझिगमध्ये कोळशाचा धूर, गंधकाचा वायू. म्युनिक स्वच्छ आणि संपन्न. अपेक्षा उघड होती. निष्कर्ष उलटा निघाला. खोकला आणि ब्रॉन्कायटिस लाइपझिगमध्ये जास्त, पण ॲलर्जीची सर्दी आणि दमा म्युनिकमध्ये जास्त. रक्त एकच, चाळीस वर्षांची फाळणी मधे. हा अभ्यास मुलांचा होता, तो मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये. पण मेलबर्नचं उदाहरण मोठ्यांचंच आहे. २१ नोव्हेंबर २०१६ ला तिथे वादळ आलं, राय गवताचे परागकण फुटून बारीक झाले आणि खाली आले, हजारो लोकांनी रुग्णालयं गाठली, दहा जण गेले. बळींमध्ये आणि रुग्णांमध्ये आशियाई, त्यातही भारतीय वंशाचे लोक त्यांच्या संख्येच्या मानाने जास्त होते. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी हे नीट वाचावं. तिथली हवा आपल्या निर्देशांकाने नितळच ठरली असती. अनेक रुग्णांना तोवर केवळ शिंका येत, नाक गळे. आपल्याला दमा आहे हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि घरात प्रतिबंधक पंप नव्हता. इथून गेलेल्यांचं रक्त विमानात बसून बदललं नाही. बदललं ते सभोवतालचं गवत. आणि जीव ज्याने वाचला असता ते औषध हाताशी नव्हतं.

कोरड्या माळव्याचा मुद्दा आपल्याला विशेष प्रिय आहे, कारण त्यामागे एक मोठं नाव उभं आहे. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने खंगलेल्या अवस्थेत देवासला आले ते इथल्या कोरड्या हवेसाठीच. ते बरे झाले आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी असूनही पुढची चार दशकं गायले. माळव्याच्या हवेचा महिमा सांगताना हा दाखला हमखास निघतो. पण त्यांची प्रकृती खऱ्या अर्थाने पालटली ती १९५२ च्या सुमाराला, स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागल्यावर. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा, विश्रांती, देवासची मोकळी हवा या सगळ्याने त्यांना त्या दिवसापर्यंत जगवलं, हे मी मनापासून मानतो. तरी जंतू मारले ते औषधाने. त्याच काळात हवापालटासाठी पाचगणीला, मिरजेला, भवालीला गेलेल्या किती जणांपर्यंत ते औषध वेळेत पोचलं नाही! हवा तीच होती. दम्याच्या बाबतीत आपण आजही स्ट्रेप्टोमायसिनच्या आधीच्या मनःस्थितीत आहोत. कुणी देवासला जा म्हणतं, कुणी कोकण सोड म्हणतं, आणि १९७० च्या दशकापासून उपलब्ध असलेलं श्वासावाटेचं स्टेरॉइड मात्र शेवटचा उपाय म्हणून बाजूला राहतं.

रक्ताचा पक्ष जास्त सावधपणे तपासायला हवा, कारण त्यात विज्ञानही आहे आणि पूर्वग्रहही. दम्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. अमेरिकेत पोर्तो रिकन वंशाच्या लोकांत दम्याचं आणि त्याने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण खूप जास्त आहे, मेक्सिकन वंशाच्या लोकांत खूप कमी. आणि सालब्युटामॉलचा परिणाम पोर्तो रिकन रुग्णांवर तुलनेने कमी दिसतो. हा रक्ताच्या पक्षाचा सर्वांत मजबूत पुरावा. पण जनगणनेत हे दोन्ही गट एकाच रकान्यात बसतात! रकाना एक आणि आजार दोन टोकांचे, तर मग आपण ज्याला ‘भारतीय’ म्हणतो त्या रकान्याचं काय? त्यात इंदूरचा कोकणस्थ, झाबुआचा भिल्ल आणि मणिपूरचा मैतेई एकत्र कोंबून ‘भारतीयांचा दमा’ कसा ठरवणार? ब्रिटनमधला अनुभव आणखी बोलका आहे. तिथल्या दक्षिण आशियाई लोकांत दमा गोऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही, पण दम्याने रुग्णालयात भरती होण्याचा धोका जवळपास तिप्पट, असं २००५ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. देश एक, सरकारी दवाखाना मोफत, तरी हा फरक. कुणी यात रक्त पाहील. मला त्यात उशिरा दवाखाना गाठणं, परक्या भाषेत आपला त्रास सांगताना होणारी दमछाक आणि पंपाची सवय लागेल ही भीती दिसते, कारण या गोष्टी मी इथे इंदुरातही पाहतो, जिथे डॉक्टर आणि रुग्ण दोघं एकाच भाषेत बोलतात.

तरीही काही फरक खरे आहेत आणि ते नाकारणं म्हणजे रुग्णांशी अप्रामाणिकपणा. आपल्याकडे दमट कोपऱ्यांत, कूलरच्या ओल्या खसमध्ये, साठवलेल्या धान्यात वाढणाऱ्या अस्परजिलस बुरशीची ॲलर्जी होऊन दमा चिघळतो. त्या विकाराला डॉक्टर एबीपीए म्हणतात. चंडीगडच्या पीजीआयच्या संशोधकांनी भारतातल्या अशा रुग्णांचा अंदाज सुमारे १४ लाख मांडला आहे. एक्स-रेवर डाग दिसतो आणि रुग्णाला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. महिनोन्महिने चुकीचं औषध पोटात जातं आणि फुप्फुस कायमचं खराब होत राहतं. दुसरा फरक रक्तातल्या इओसिनोफिल पेशींचा. गंभीर दम्याची नवी, महागडी इंजेक्शनं कुणाला द्यायची हे ठरवताना मायक्रोलिटरला १५० किंवा ३०० पेशी अशा रेषा आखल्या जातात. त्या रेषा मुख्यत्वे युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून आल्या. आपल्याकडे पोटातल्या जंतांनीही या पेशी वाढतात, ॲलर्जीत वाढणारं आयजीई हे प्रतिद्रव्यही वाढतं. मग आकडा दम्याचा धरायचा की जंतांचा? गंभीर दम्याच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीने २०२० साली जवळपास पाच हजार रुग्णांचं चित्र मांडलं, तेव्हा त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश गोरे होते. मी यावरून आपलं रक्त वेगळं असा निष्कर्ष काढत नाही. आपली माणसं त्या नोंदवहीत पुरेशी नाहीत, हा निष्कर्ष काढतो. आणि ती असणार कशी? नोंदवहीत जाण्याची पहिली अटच ही की रोजचं औषध पुरेशा मात्रेत देऊन झालेलं असावं.

रक्ताला आणि हवेला दोष देऊन औषधाकडे पाठ फिरवली की काय होतं, हे न्यूझीलंडने दाखवलं आहे. तिथे १९७६ नंतर तरुण रुग्णांचे दम्याने मृत्यू अचानक वाढले, शेजारच्या देशांहून कितीतरी जास्त, आणि तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांत सर्वाधिक. स्पष्टीकरणं शोधायची तर हाताशी भरपूर होती: वंश, गरिबी, हवामान, परागकण. १९८९ साली वेलिंग्टनच्या संशोधकांनी फेनोटेरॉल या तात्पुरता आराम देणाऱ्या पंपाकडे बोट दाखवलं. त्याचा वापर आवळला गेला आणि मृत्यूंचा आलेख वेगाने खाली आला. माओरींचं रक्त एका वर्षात बदललं होतं का? साठच्या दशकात ब्रिटनसह काही देशांत आयसोप्रिनलिनच्या तीव्र मात्रेच्या पंपाबाबत असंच घडून गेलं होतं, तरी धडा घ्यायला आणखी एक पिढी जावी लागली. आजचा सालब्युटामॉल त्या औषधांपेक्षा खूप सुरक्षित आहे. दोष त्याचा नाही. पण नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहिल्याने श्वासनलिकेतली सूज तशीच धुमसत राहते. म्हणूनच जागतिक दमा मार्गदर्शक गटाने २०१९ पासून स्पष्ट सांगितलं की प्रौढांना केवळ आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये, स्टेरॉइड सोबत हवंच. आपल्या शहरात औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय निळा पंप घेऊन जाणाऱ्याला हे कोण सांगतं?

आणि औषध पोचलं तर? फिनलंडने १९९४ साली दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. लवकर निदान, लवकर स्टेरॉइड, आणि प्रत्येक गावातल्या परिचारिकेला नि औषधविक्रेत्याला प्रशिक्षण. त्या दशकात तिथे दम्याचे रुग्ण वाढले, पण दम्यापायी रुग्णालयात काढलेले दिवस वर्षाला १,१०,००० वरून ५१,००० वर आले. श्रीमंत, थंड, कमी वस्तीचा देश, म्हणून हे जमलं, असं म्हणणाऱ्यांनी ब्राझीलचं साल्वादोर पाहावं. उष्ण, दमट, गरीब वस्त्यांचं आणि मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांचं शहर. तिथे २००३ पासून गंभीर दम्याच्या रुग्णांना प्रतिबंधक पंप फुकट आणि शिकवून द्यायला लागले आणि तीन-चार वर्षांत शहरातली दम्याची भरती सुमारे तीन-चतुर्थांशाने घटली. समुद्रावरची दमट हवा तीच, वंश तोच, झोपड्याही त्याच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आणणारी माणसं भली असतात, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. ते म्हणतात, तुम्ही सगळं औषधावर आणलंत तर धूर सोडणारे कारखाने, नरवाई जाळणारे, मंडीला पंखे न लावणारे सुटतील. रुग्णाच्या हाती पंप देऊन व्यवस्था हात झटकेल. ही भीती निराधार नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर श्वासाचा त्रास घेऊन जगलेल्यांच्या बाबतीत गोळ्या वाटण्यात आणि जबाबदारी ठरवण्यात केवढं अंतर पडलं, ते या प्रदेशाने पाहिलं आहे. पण औषध न देता हवेचा दोष सिद्ध करता येतो का? सगळेच धापा टाकत असतील तेव्हा मंडीतला हम्माल घरातल्या बाईहून वेगळा दिसत नाही. रोजचं औषध नीट घेऊनही ज्याचा दमा ऑक्टोबरात उसळतो आणि दिवाळीनंतर मंडीची आवक ओसरली की शमतो, तोच माणूस बोट ठेवून सांगतो की कारण कुठे आहे. उपचार झालेल्या समाजातच हवेचा गुन्हा उघडा पडतो. मालकाला कोर्टात उभं करायचं असेल तर आधी कामगाराच्या हाती पंप द्या.

दुसरा अडथळा आपल्याच घरातला आहे. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचं औषध, लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये पंप दिसला तर लोक काय म्हणतील. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही; तिच्यापायी माणसं मरतात. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडची रोजची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, दोनशे-चारशे. अटॅकच्या वेळी ज्या गोळ्या दिल्या जातात त्यांची मात्रा तीस-चाळीस मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे शंभरपट, आणि ती साऱ्या शरीरभर जाते: साखर वाढवते, हाडं ठिसूळ करते, मोतीबिंदू आणते. स्टेरॉइड नको म्हणून पंप नाकारणारी बाई वर्षाकाठी त्याहून कितीतरी जास्त स्टेरॉइड गिळते. कोजागिरीच्या रात्री आपल्या भागात दम्याच्या रुग्णांना औषधी खीर देतात. चांदण्यात रात्रभर जागून, श्रद्धेने रांगेत बसणाऱ्या त्या लोकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, कारण इतक्या कष्टाने ते एकच गोष्ट शोधत असतात: मोकळा श्वास. माझी विनंती त्या रांगेची व्यवस्था करणाऱ्यांना आहे. तिथेच एका टेबलावर पंप कसा ओढायचा हे दाखवणारी परिचारिका बसवा. इतके दमेकरी एका जागी पुन्हा वर्षभर सापडत नाहीत.

आणि सरकारकडे मागायचं ते फार नाही. ब्युडेसोनाइड हे श्वासावाटेचं स्टेरॉइड देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते शहरातल्या प्रत्येक सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये बारा महिने, श्वासनलिका मोकळी करणाऱ्या फॉर्मोटेरॉलसह, फुकट मिळावं आणि संपलं तर संपल्याची तारीख दारावर लिहावी. प्रत्येक क्लिनिकमध्ये फुंकून श्वासाचा जोर मोजण्याचं पीक फ्लो मीटर हवं. त्याला वीज लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. एम. वाय. रुग्णालय आणि मनोरमा राजे क्षय रुग्णालयासारख्या ठिकाणी, जिथे जिल्हाभरातून छातीचे रुग्ण येतात, प्रौढ दम्याची एक साधी नोंद सुरू व्हावी: वय, काम, स्वयंपाकाचं इंधन, घरात कूलर आणि कॉइल आहे का, रोजचा पंप किती महिने चालू आहे, गेल्या वर्षी स्टेरॉइडच्या गोळ्या किती वेळा घ्याव्या लागल्या, अस्परजिलसची तपासणी झाली का. सहा महिने नीट औषध घेऊनही ज्यांची धाप जात नाही त्यांची यादी वेगळी, आणि नव्या इंजेक्शनांवरचा सरकारी पैसा पहिल्यांदा त्या यादीतल्यांसाठी. हम्माल आणि तुलावटींची तपासणी सप्टेंबरात, सोयाबीनची आवक सुरू होण्याआधी एकदा आणि नोव्हेंबरात पुन्हा करावी, म्हणजे मंडीच्या आधीचा श्वास आणि नंतरचा श्वास एकाच माणसाच्या कार्डावर शेजारीशेजारी लिहिलेला असेल.